गोदावरीचे पूल मोजताना

आमच्या चरईतल्या घराचा हॉल बारा फुटांचा. ठाण्यापासून आंध्रातल्या अंतर्वेदीपर्यंतचे नकाशे एकमेकांना जोडून अंथरले, तेव्हा तो कमी पडला. टीव्हीच्या टेबलाखाली ठाणं, टीपॉय उचलून केलेल्या जागेत पैठण, सोफ्याच्या पायाशी नांदेड आणि बंगालचा उपसागर थेट स्वयंपाकघराच्या दाराशी. तिथल्या निळ्या कडेवर कुणाचा पाय पडू नये म्हणून मी पाट उभा करून ठेवला होता.

गुडघ्यांवर बसून मी शिवणाच्या दोऱ्याने रस्ता मोजत होते. दोरा थोडा ओला केला की वळणावर नीट बसतो, निसटत नाही. बाबा खुर्चीत बसून विचारत होते, "शहागड आलं का गं? आलं ना? आता नदी सोडू नकोस." बाबांनी एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर म्हणून काढली. नकाशा त्यांनी आयुष्यात कधी वापरला नाही. पण मराठवाड्याकडच्या गाड्यांवर असताना थांबे पाठ झाले, ते अजून तसेच आहेत. अडीच लाखाला एक या प्रमाणात एक सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर. संध्याकाळी दोरा सरळ करून टेपने मोजला, तर सहा मीटर भरला. म्हणजे दीड हजार किलोमीटर.

मी आणि ऐरोलीला राहणारा माझा धाकटा भाऊ, आम्ही दोघं सायकलने गोदावरीच्या काठाकाठाने हा रस्ता जाणार आहोत. त्याची गेले सात महिने तयारी चालली आहे. त्या तयारीबद्दलच लिहायचं आहे, कारण हे सात महिने मला प्रवासाइतकेच मोलाचे वाटतात.

याआधी आम्ही सायकलने अलिबाग केलं, महाबळेश्वर केलं, तीन वर्षांपूर्वी गोव्यालाही जाऊन आलो. गोव्याला जाताना मोबाइल हँडलला लावला होता. तो सांगेल तिकडे वळत गेलो. परत आल्यावर बाबांनी सहज विचारलं, "वाटेत खाड्या किती लागल्या?" मला सांगता येईना. सहाशे किलोमीटर स्वतःच्या पायांनी गेलेली बाई मी, आणि कोकणातल्या खाड्यांची नावं मला ओळीने येत नव्हती. ते मनाला फार लागलं. पुढचा मोठा प्रवास कागदावर आखायचा, हे तेव्हाच ठरलं.

आणि गोदावरी का, तर त्र्यंबकचा ब्रह्मगिरी अरबी समुद्रापासून सरळ रेषेत जेमतेम ऐंशी किलोमीटरवर आहे. तरी तिथलं पाणी इकडे न येता पाठ फिरवून पूर्वेला निघतं आणि १४६५ किलोमीटर जाऊन आंध्रात समुद्राला मिळतं. हे शाळेत शिकलो होतो, पण नकाशावर बोट ठेवून त्या पाण्यामागे जाताना अंगावर काटा आला. आपल्या खाडीवरून निघायचं, सह्याद्री चढायचा आणि मग नदी नेईल तिकडे जायचं. ठाण्याच्या खाडीला २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, जागा मिळाली. त्याआधी २०२० साली महाराष्ट्रातून पहिलं नाव गेलं ते नांदूर मधमेश्वरचं, तेही गोदावरीवरचंच. आमच्या रस्त्यात ही दोन्ही पाणथळं येतात.

नकाशे मिळवण्यातच पहिले दोन महिने गेले. भारतीय सर्वेक्षण विभागाचे पन्नास हजाराला एक प्रमाणाचे नकाशे सर्वांत बारकाईचे. विभागाची स्थापना १७६७ची. समुद्रकिनाऱ्यालगतच्या पट्ट्याचे नकाशे पूर्वी सर्वसामान्यांना मिळत नसत. २००५च्या नकाशा धोरणानंतर नागरिकांसाठी वेगळी मालिका निघाली आणि आता विभागाच्या संकेतस्थळावरून ती उतरवून घेता येते. पण या प्रमाणात शंभर किलोमीटरला दोन मीटर कागद लागतो, पूर्ण रस्त्याला तीस मीटर. म्हणून हे नकाशे फक्त अवघड जागांसाठी ठेवले: कसारा ते त्र्यंबक आणि पुढे आंध्रातले पापिकोंडाचे डोंगर. बाकीच्या रस्त्याला अडीच लाखाचे. त्यातली आम्हाला सहज मिळालेली मालिका अमेरिकन लष्कराच्या नकाशा विभागाने पन्नासच्या दशकात छापलेली होती. ती आपल्याच सर्वेक्षणावरून बनवलेली आहे. टेक्सासच्या विद्यापीठाने ती सर्वांसाठी खुली केली आहे. उंची फुटांत, रस्ते लाल, गावांची स्पेलिंगं इंग्रजांच्या काळातली. शिवाय पुस्तकाच्या दुकानातून महाराष्ट्र, तेलंगणा आणि आंध्र यांचे रस्त्यांचे घडीचे नकाशे आणले. तीन तऱ्हांचे नकाशे शेजारी ठेवायचे आणि तिघांचं जिथे पटत नाही तिथे खूण करायची, अशी आमची पद्धत ठरत गेली.

जुने सर्वेक्षण नकाशे वाचताना मला एक गंमतशीर गोष्ट कळली. आपलं ठाणं अगदी कागदाच्या काठावर बसलं आहे. ४७ ए/१६ या नकाशाची उजवी कड म्हणजे ७३ अंश रेखावृत्त, आणि ते कळव्याच्या बाजूने जातं. नाशिकच्या रस्त्याने साकेतचा पूल ओलांडला की थोड्याच वेळात कागद बदलतो, ४७ ई/४ सुरू होतो. भावाला दाखवलं तर तो म्हणाला, "ताई, म्हणजे खाडी ओलांडली की आपण खरंच नकाशाबाहेर."

पहिली ठेच छपाईच्या दुकानात लागली. अडीच लाखाचे सगळे नकाशे मोठ्या कागदावर छापून आणले आणि आठवडाभर त्यावर दिवसांचे टप्पे पाडले. नाशिक ते कोपरगाव मोजलं तेव्हा बाबा म्हणाले, "एवढं जवळ नाही ते." मी दोऱ्याने पुन्हा मोजलं, तेच आलं. बाबा हट्टाला पेटले. त्यांचं तिकिटाचं अंतर आणि माझं अंतर दर टप्प्याला जुळेना, प्रत्येक ठिकाणी माझं कमी. शेवटी नकाशाखालच्या प्रमाणपट्टीवर फूटपट्टी ठेवली. दहा किलोमीटरला चार सेंटिमीटर यायला हवे होते. तीन पूर्णांक सात दशांश आले. छापताना कागदात बसवण्यासाठी चित्र लहान केलं गेलं होतं, कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. म्हणजे मी चौऱ्याहत्तर किलोमीटरचा म्हणून जो दिवस धरला होता, तो प्रत्यक्षात ऐंशीचा. अशा अठरा दिवसांत प्रत्येकी सहा किलोमीटर जास्त. सगळं पुन्हा छापलं, पुन्हा मोजलं. आता कुणी नकाशा छापून आणला की मी गावं बघत नाही, आधी पट्टी लावते.

दुसरा धडा मोठा होता. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी आम्ही चाचणी म्हणून ठाणे–कसारा–इगतपुरी–त्र्यंबक असं निघालो. कसारा ते इगतपुरी सुमारे तीनशे मीटरची चढण. पन्नास हजाराच्या नकाशात दोन समोच्च रेषांमध्ये, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमध्ये, उंचीचं वीस मीटरचं अंतर असतं, म्हणजे पंधराएक तपकिरी रेषा ओलांडायच्या. मी त्या आदल्या रात्री बोटाने मोजल्या होत्या. घाटात चढताना कुठे रेषा एकमेकींना चिकटल्या आहेत आणि कुठे मोकळ्या झाल्या आहेत ते आठवत होतं. पुढच्या वळणावर दम घ्यायला सपाटी आहे हे आधी माहीत असलं की पाय वेगळे चालतात. ती सपाटी खरोखर आली, तेव्हा मी भावाला हाक मारून सांगितलं.

रविवारी घोटीकडून त्र्यंबकला जायला मी जुन्या अडीच लाखाच्या नकाशावरचा आडरस्ता निवडला होता. महामार्ग टळेल, अंतरही कमी. दहा-बारा किलोमीटर गेलो. डांबर संपलं, मग खडी, मग नुसती चाकोरी, आणि ती चाकोरी सरळ पाण्यात उतरली. समोर पाणीच पाणी. एक म्हातारी शेळ्या घेऊन काठावर बसली होती.

"कुठं चाललाव?"

"त्र्यंबकला, आजी. हा रस्ता तिकडेच जातो ना?"

"जात व्हता. त्यो रस्ता कवाच पाण्यात ग्येला. आमचं जुनं घर बी तिथंच हाय, त्या झाडाच्या म्होरं."

तिने हात केला तिथे झाड होतं, त्याच्यापुढे फक्त पाणी. ते अप्पर वैतरणाचं धरण, सत्तरच्या दशकातलं. मुंबईच्या नळाला ते पाणी येतं. माझा नकाशा त्याच्या आधीचा. मी नकाशा आजींपुढे पसरला. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाड्यांची नावं मोठ्याने वाचली. एका नावावर त्यांनी माझा हात धरला आणि थोडा वेळ तसाच धरून ठेवला. आम्ही परत फिरलो, वळसा घालून अंधार पडता पडता त्र्यंबकला पोचलो. त्या दिवसापासून जुन्या नकाशाला मी चुकीचा म्हणत नाही. जे बुडालं ते त्याच्यात अजून कोरडं आहे.

घरी आल्या आल्या पैठणचा कागद काढला. छातीत धस्स झालं. जायकवाडीचं धरण १९७६ साली झालं. माझ्या नकाशात नाथसागर नव्हताच! कायगाव टोक्यापासून पैठणपर्यंत गोदावरी एका बारीक निळ्या रेषेत शांतपणे वाहत होती आणि तिच्या काठाकाठाने गावं आणि रस्ते होते. मी त्याच रस्त्याने आमचा सहावा दिवस आखला होता. मग नवीन नकाशावरून बघून बघून सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटरचं ते पाणी निळ्या पेन्सिलीने भरलं. दोन संध्याकाळी लागल्या. आता आम्ही नेवाशाला ज्ञानेश्वरांच्या पैस खांबाचं दर्शन घेऊन उजव्या काठाने शेवगाववरून जाणार आणि धरणाखालच्या पुलावरून पैठणात शिरणार.

इथेच माझ्या लक्षात आलं की आपण आतापर्यंत किलोमीटर मोजत होतो, मोजायला हवे होते पूल. नदीकाठाने सायकल चालवायची तर आपण कोणत्या काठावर आहोत, यावर सगळं ठरतं. समोरच्या तीरावरचं देऊळ दिसतं, घंटा ऐकू येते, पण तिथे जायला तीस किलोमीटरचा वळसा पडू शकतो. रात्रीचा मुक्काम पलीकडच्या काठावर धरला आणि मधे पूल नसला, तर संपलं. जुन्या नकाशावर बऱ्याच ठिकाणी नदीवर फक्त नावेची खूण आहे. आता तिथे पूल झाला की बंधारा, की नावही बंद झाली, हे कागद सांगत नाही.

उपाय बाबांनी सांगितला. "एसटी पलीकडे जाते का ते विचार. एसटी गेली तर तुमची सायकल जाईल." मी वही केली. डावीकडच्या पानावर डावा काठ, उजवीकडच्या पानावर उजवा काठ, मधल्या शिवणीवर पूल. मग गावोगावच्या बस स्थानकांच्या चौकशीला फोन लावायला सुरुवात केली. काही ठिकाणी फोन उचलला गेला नाही, काही ठिकाणी उचलणाऱ्याने वैतागून ठेवला. पण बाबांनी फोन हातात घेतला की सूर बदलायचा. "मी ठाणे विभागाचा जुना कंडक्टर बोलतोय" एवढं म्हटलं की पलीकडून खुर्ची सरकवल्याचा आवाज यायचा. एकदा पाथरीकडच्या माणसाशी ते चाळीस मिनिटं बोलत होते. त्यातून आम्हाला एका ओळीची माहिती मिळाली, पण ती सोन्यासारखी: पैठणपासून ढालेगावपर्यंत डावा काठ सोडू नका, ढालेगावला ओलांडा, मग सोनपेठ, गंगाखेड, पालम, लोहा असं उजव्या काठाने या आणि थेट नांदेडात पूल धरा.

ही ओळ नकाशावर लाल पेन्सिलीने उमटवली, तेव्हा आधीच्या माझ्या आखणीतले तीन वळसे गळून पडले. आणि वाटेत काय काय आलं! पैठणला एकनाथ महाराज, गंगाखेडला जनाबाई, नांदेडला हुजूर साहिब. नांदेडचा मुक्काम गुरुद्वाऱ्याच्या यात्रीनिवासात, तिथे लंगरात जेवण. ही जोडणी मी केली नाही, नदीने आधीच करून ठेवलेली होती.

चढ-उताराचा माझा अंदाजही कागदाने सुधारला. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवर, नांदेड साडेतीनशेच्या आसपास, राजमहेंद्री पंधराच्या आत. सगळा उतारच आहे, असं भाऊ आनंदाने म्हणत होता. पण उपनद्या विसरून चालत नाही. प्रत्येक ओढ्याला खाली उतरायचं आणि पलीकडे तेवढंच चढायचं. एका दिवसाच्या टप्प्यात मी निळ्या रेषा मोजल्या, एकवीस निघाल्या. त्या दिवसाचं अंतर लगेच पंधरा किलोमीटरनी कमी केलं.

वाऱ्याचंही बघावं लागलं. हिवाळ्यात पठारावर वारा ईशान्येकडून येतो, म्हणजे आमच्या तोंडावर. उलट बाजूने, समुद्राकडून निघावं का, यावर आमची बरीच चर्चा झाली. पण नदीच्या विरुद्ध जायला मन घेईना. मग ठरवलं की उजाडताच निघायचं आणि वारा वाढायच्या आत निम्म्याहून जास्त अंतर उरकायचं. कोपरगाव-श्रीरामपूर पट्ट्यात त्या दिवसांत ऊसतोड जोरात असते. अंधारात दिव्याशिवाय उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉल्या मी पाहिल्या आहेत, म्हणून तिकडे सूर्यास्तानंतर सायकलवर बसायचं नाही. यावर दोघांचं एकमत आहे.

नांदेडनंतर बाबांचं ज्ञान संपतं. देगलूरपर्यंत ते गेलेले, पुढे नाही. बासरचं सरस्वतीचं देऊळ, धर्मपुरी, मंथनी, मग सिरोंच्यासमोर प्राणहिता येऊन मिळते ते काळेश्वरम. तिथून पुढे नकाशावर हिरवा रंग वाढत जातो आणि नदीकाठचा रस्ता विरळ होतो. इथे आम्ही नदी सोडून भूपालपल्लीवरून जाणार आणि एटूरनागारमला पुन्हा तिच्या जवळ येणार. दोन दिवस ती दिसणार नाही, याचं मला आतापासूनच चुकल्यासारखं वाटतं आहे.

तिकडे पाट्या तेलुगूत असतात आणि आमचे नकाशे इंग्रजीत. खालच्या मजल्यावरच्या काकू मूळच्या राजमहेंद्रीच्या. त्यांनी एका दुपारी बसून बेचाळीस गावांची नावं जाड कागदाच्या चिठ्ठ्यांवर तेलुगूत लिहून दिली, खाली मी देवनागरीत उच्चार लिहिले. लिहिता लिहिता त्या म्हणाल्या, "आम्ही गोदावरी नाही म्हणत गं, गोदारी म्हणतो." मग त्यांनी राजमहेंद्रीच्या पुष्कर घाटावरचं त्यांचं लहानपण सांगितलं आणि शेवटच्या चार चिठ्ठ्या राहूनच गेल्या. त्या दुसऱ्या दिवशी झाल्या.

भद्राचलमच्या खाली पापिकोंडाचे डोंगर. पन्नास हजाराच्या नकाशात तिथे समोच्च रेषा इतक्या दाट आहेत की कागदाचा पांढरा रंग दिसत नाही. नदी त्या तपकिरी गर्दीतून वाट काढते आणि तिच्या कडेने सलग रस्ता नाही. दोन पर्याय होते: उजव्या काठाकडून सपाटीने लांबचा वळसा, नाहीतर चिंतूर, मारेडुमिल्ली, रंपचोडवरम असा जंगलातला घाट. भावाला घाट हवा होता. मी तीन दिवस रेषा मोजल्या आणि मग हो म्हटलं, पण आधी भद्राचलमला एक पूर्ण दिवस विश्रांती या अटीवर.

घाट उतरला की राजमहेंद्री आणि लगेच धवळेश्वरमचा बंधारा. सर आर्थर कॉटन यांच्या देखरेखीखाली तिथला मूळ बंधारा १८५२ साली पूर्ण झाला. त्याच्या खाली नदी गौतमी आणि वसिष्ठा अशी फुटते आणि कालव्यांनी नकाशाच निळा होऊन जातो. वसिष्ठेच्या मुखाशी अंतर्वेदी. परतीला सखिनेटिपल्लीहून नावेने नरसापूरला जायचं आणि तिथून नगरसोलची गाडी पकडायची. नगरसोल म्हणजे आपल्या येवल्याजवळचं. ज्या नदीकाठाने अठरा-वीस दिवस जाणार, तिच्याच खोऱ्यात एका गाडीने परत. सायकली सामानाच्या डब्यातून न्यायच्या, पेडल काढून आणि हँडल वळवून.

मागच्या आठवड्यात नकाशे कापले. काळजावर दगड ठेवून कापले, खोटं कशाला सांगू. बारा सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या, म्हणजे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा किलोमीटरचा मुलूख दिसतो. प्रत्येक दिवसाची एक पट्टी, पंख्यासारखी घडी केलेली, मागे पूल, काठ, मुक्काम आणि पाण्याच्या जागा पेन्सिलीने लिहिलेल्या. शाई घामाने पसरते, पेन्सिल टिकते. लॅमिनेशन केलं नाही, घडी मोडते. हँडलच्या पिशवीला वर पारदर्शक कप्पा आहे, त्यात एका वेळी दोन घड्या दिसतात. मोबाइल बरोबर असेल, घरी फोन करायला आणि अडीअडचणीला.

कापायच्या आधी बाबांनी एक मागणी केली होती. त्यांना सगळ्या पट्ट्यांचा जोडलेला एक वेगळा नकाशा हवा होता. तो आता त्यांच्या खोलीत पलंगासमोरच्या भिंतीवर, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत आहे. दुसऱ्या भिंतीवर वळून गेलेला भाग आंध्राचा. आम्ही दर पुलावरून फोन करायचा आणि पुलाचं नाव सांगायचं, बाकी काही सांगितलं नाही तरी चालेल, असं त्यांनी बजावलं आहे. टाचण्यांची डबी उशाशी आहे.

येत्या रविवारी पहाटे पाचला निघतो आहोत. पहिला फोन साकेतच्या पुलावरून. तो गोदावरीवरचा नाही, हे मी बाबांना सांगून पाहिलं. "पूल तो पूल," ते म्हणाले, आणि त्यांनी पहिली टाचणी तिथे आधीच टोचून ठेवली आहे.